जुनं जपानी ब्रॉन्झचं धूपदान, ड्रॅगनच्या मुठी आणि झाकणावर सिंह असलेलं, काळपट पडलंय, चकचकीत कसं करायचं? आणि ते अस्सल आहे का?

करायचंच नाही. ड्रॅगनच्या मुठी आहेत, झाकणावर सिंह आहे म्हणताय ना, मग चिंच, लिंबू, ती भांड्यांची पावडर, काही म्हणजे काही लावू नका.

आमचे आजोबा बोटीवर होते, त्यांनी कोबेहून असंच एक आणलेलं. पोटावर सारसांची जोडी, ते लाल टोपीवाले, अंग चांदीचं, मान आणि शेपटीकडची पिसं काळीभोर, डोक्यावर तांब्याचा ठिपका, बोट फिरवलं की उठाव लागायचा. आता ते काळं म्हणजे मळ नव्हे. शाकुदो म्हणतात त्याला, तांब्यात थोडं सोनं घालायचं आणि तांब्याच्या क्षारांच्या पाण्यात उकळायचं, मग तो काळा रंग चढतो, थर अगदी पातळ. मूळचं हे तलवारींच्या सजावटीतलं काम, १८७६ मध्ये सामुराईंना तलवार लावून फिरायची बंदी झाली आणि त्यातले बरेच कारागीर परदेशी गिऱ्हाइकांसाठी फुलदाण्या, धूपदानं करायला लागले.

तर आत्याच्या मिस्टरांनी लग्नघर म्हणून समयांबरोबर हे पण पॉलिशवाल्याकडे धाडलं, कुणाला न विचारता, आणि त्याने मशीनवर बफ मारला. मान आणि टोपी आता एकाच तांबूस रंगाची, पिसांच्या रेघा पुसट. काका अजून म्हणतात, घाण होती, मी उजळवली. म्हटलं, मुंबईच्या म्युझियममध्ये टाटांच्या संग्रहातल्या जपानी वस्तू आहेत, तिथे कुणी चिंच घेऊन बसतं का? तर म्हणे तिथे माणसं कमी असतील!

अस्सल आहे का ते असं लांबून नाही सांगता येणार. सहीवर जाऊ नका, नकलेवर पण सही असते. ड्रॅगनचे खवले भिंगातून बघा, चांगल्या जुन्या कामात ओतल्यानंतर छिन्नीने परत कोरलेलं दिसतं, नुसतं साच्यातलं असेल तर कडा मऊ, गुळगुळीत असतात.

बाकी मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटका, बस. हां, हिरवी भुकटी सुटत असेल तर मात्र थांबू नका, कॉन्झर्व्हेटरला, म्हणजे जुन्या वस्तू जतन करणाऱ्या तज्ज्ञाला, दाखवा. आणि साधं पितळी टुरिस्ट मॉडेल निघालं तर घासा हवं तितकं, फक्त आमच्या काकांना कळवू नका, ते लगेच म्हणतील बघ, मी काय सांगत होतो.