पुस्तक खुलं करताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या विद्यार्थ्यांनी ठाणे खाडीतल्या कांदळवनावर डिजिटल पुस्तक केलं आहे. ते सर्वांना मोफत मिळावं, पण मजकुराची मोडतोड होऊ नये, म्हणून 'एनडी' (बदलाला मनाई) अट असलेला परवाना घ्यावा का? (प्राध्यापिका, ठाणे)

मॅडम, कृपया घेऊ नका. क्रिएटिव्ह कॉमन्स ही संस्था आपलं लेखन इतरांना वापरू देण्यासाठी तयार परवाने देते. तिच्या परवान्यात एनडी आलं, की बदललेली आवृत्ती कुणालाच प्रसिद्ध करता येत नाही, आणि भाषांतर हाही बदलच धरला जातो. ऐरोलीतल्या एखाद्या बाईंना तुमचं प्रकरण सातवीच्या मुलांसाठी सोपं करून वाटायचं असेल, तरी त्यांना पुन्हा तुमची परवानगी मागावी लागेल. शिवाय खाडीची माहिती कुठे स्थिर असते? फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं, २०२२ मध्ये ते रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेलं. मधल्या काळात लिहिलेलं पुस्तक सुधारायला तेव्हाची मुलं कुठून आणायची? पुढच्या बॅचला त्यात हात घालता आलाच पाहिजे.

क्रिएटिव्ह कॉमन्सचाच 'सीसी बाय-एसए' हा परवाना घ्या. त्यात मूळ लेखकांची नावं द्यावी लागतात, बदल केल्याचं सांगावं लागतं आणि नवी आवृत्तीही तशीच खुली ठेवावी लागते. एखादा बदल पटला नाही, तर त्यावरून आपलं नाव काढायला सांगता येतं. मात्र एकदा दिलेला परवाना मागे घेता येत नाही, हे मुलांना आधी समजावून सांगा.

प्रश्न : पुस्तकातलं एक प्रकरण माझं आहे. सरांनी आम्हाला न विचारता ते खुलं करायचं ठरवलं. हक्क कॉलेजचा असतो का? (विद्यार्थी, कोपरखैरणे)

हक्क तुझा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे नोकरीचा भाग म्हणून केलेलं लेखन, वेगळा करार नसेल तर, मालकाचं ठरतं. विद्यार्थी काही कॉलेजचा नोकर नसतो. हक्क दुसऱ्याकडे जायला लेखी करार लागतो. सरांशी शांतपणे बोल आणि प्रत्येकाची लेखी संमती घ्यायला सांग. माझं मत स्पष्ट आहे : या संमतीचा गुणांशी काडीचाही संबंध नसावा. नाव नको असेल, त्याला टोपणनावानं लिहू द्यावं.

प्रश्न : माझं झेरॉक्सचं दुकान आहे. पुस्तकावर 'एनसी' लिहिलेलं असेल, तर प्रती काढून दिल्यास गुन्हा होतो का? (दुकानदार, वाशी)

एनसी म्हणजे व्यापारी वापराला मनाई. शिक्षकांनी वर्गासाठी प्रती मागितल्या आणि तुम्ही छपाईचे पैसे घेतलेत, तर वापर शिक्षकांचा धरावा, अशी क्रिएटिव्ह कॉमन्सची भूमिका आहे. अमेरिकेत फेडेक्सच्या छपाई दुकानांविरुद्ध असाच दावा झाला होता, तिथल्या अपील न्यायालयानं २०१८ मध्ये दुकानांच्या बाजूनं निकाल दिला. तो आपल्याकडे बंधनकारक नाही, पण त्यातला तर्क मला पटतो. स्वतःहून गठ्ठे छापून विक्रीला मांडू नका.

प्रश्न : इंटरनेटवरचे फोटो खाली नाव देऊन वापरले तर चालतील? (विद्यार्थिनी, कळवा)

नाही. नाव दिलं म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही. विकिमीडिया कॉमन्स या खुल्या संग्रहावरचे फोटो त्यांचा परवाना वाचून घ्या. त्याहून चांगलं म्हणजे खाडीवर जाऊन स्वतः काढा.

प्रश्न : पीडीएफ दिली की काम झालं ना? (ग्रंथपाल, नेरूळ)

वाचणाऱ्याचं झालं, सुधारणाऱ्याचं नाही. बदल करता येईल अशी मूळ फाइलही द्या आणि मोबाइलवर वाचणाऱ्यांसाठी ईपब, म्हणजे पडद्याच्या आकाराप्रमाणे मजकूर जुळवून घेणारी ई-पुस्तकाची फाइल द्या. मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे सगळीकडे सारख्या चालणाऱ्या अक्षर-संकेतांतच हवा. जुन्या फॉन्टमधलं मराठी शोधायला गेलं तर सापडत नाही, आणि अंध विद्यार्थ्यांचं वाचक-सॉफ्टवेअर ते नीट वाचू शकत नाही.