प्रार्थना करून सुरू केलेला धंदा बुडाला, तर देवानं नाकारलं असं समजायचं का?

सलाम भाऊ. तुम्ही लिहिलंय की वर्धा जिल्ह्यातल्या तुमच्या गावात बँकेचं कर्ज काढून 20 शेळ्या घेतल्या, चर्चच्या पाळक साहेबांना बोलावून गोठ्यात प्रार्थना केली, आणि पहिल्याच पावसाळ्यात 11 शेळ्या दगावल्या. आता विचारता, ही देवाची इच्छा होती का, आपलं काही पाप आड आलं का, आणि विश्वासणाऱ्यानं धंद्याची आखणी करायची तरी कशी.

मी पाळक नाही. दारव्हा तालुक्यात माझी मिनी डाळ मिल आहे, अकोल्याच्या कृषी विद्यापीठानं काढलेल्या मॉडेलची. शेळ्यांतलं मला फार कळत नाही. बुडण्यातलं कळतं.

2015 च्या दिवाळीत तुरीची डाळ किलोला 200 रुपयांवर गेली होती, आठवत असेल. बाजार समितीत तूर क्विंटलला 10,000 च्या वर. माझ्याकडे तेव्हा माल नव्हता, नुसता बघत बसलो. पुढच्या उन्हाळ्यात मी 60 क्विंटल तूर 8,600 च्या भावानं भरून ठेवली. 5 लाख 16 हजार. त्यातले दोन लाख बँकेचे, दीड लाख साळ्याचे, बाकी घरचे. दिवाळीला पुन्हा तोच भाव येणार, एवढीच माझी आखणी. त्याआधी तीन दिवस उपास धरून प्रार्थना केली होती. तिसऱ्या दिवशी मनाला शांत वाटलं आणि तोच देवाचा होकार असं मी ठरवून टाकलं. बायको दारात उभी होती. म्हणाली, "तुमी देवाले इचारलं का भावाले?" मी चिडलो. तुझा विश्वास कमी पडतो, असंही बोललो. त्याची लाज अजून आहे.

त्या वर्षी पाऊस चांगला झाला. आदल्या वर्षीचा भाव बघून सगळ्यांनीच तूर पेरलेली. आमच्याकडे कपाशीत मधूनमधून तुरीचं एक तास, म्हणजे ओळ, असतं, त्या साली शिवारात जिकडे बघावं तिकडे तूरच. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ती फुलोऱ्यावर आली. मी दर रविवारी उपासनेला त्याच रस्त्यानं मोटारसायकलवर जायचो, दोन्ही बाजूंनी पिवळंधमक, आणि मी मजेत गीत म्हणत जायचो. प्रभू, काय हिरवं केलंस शिवार! माझ्या गोदामातल्या 60 क्विंटलचं मरण त्या फुलांत डोलत होतं आणि मला दिसत नव्हतं. देवाकडे खूण मागत होतो, आणि खूण रस्त्याच्या दोन्ही कडेला उभी होती.

मग 8 नोव्हेंबरला नोटा बंद झाल्या. आठवडी बाजारात डाळ घ्यायला लोकांकडे पैसाच नाही. जानेवारीत नवीन तूर आली, भाव 5,050 च्या हमीभावाखाली गेला, खरेदी केंद्रांवर पोत्यांच्या रांगा लागल्या, बारदाना संपला. क्विंटलमागे सत्तर किलोच्या आसपास डाळ निघते. माझी डाळ आणि चुणी (जनावरांना घालतात तो चुरा) सगळं विकून हातात तीन लाखांच्या आत आले.

तुमच्या पापाच्या प्रश्नाकडे येतो. आमच्या मंडळीतही, म्हणजे चर्चमध्ये, एका वडीलधाऱ्यानं सांगितलं, दशमांश, म्हणजे कमाईचा देवाला द्यायचा दहावा हिस्सा, चुकवला असशील. बायबलात योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्य हेच विचारतात: हा माणूस आंधळा जन्मला, पाप कुणी केलं, यानं की याच्या आईबापानं? येशू म्हणतो, यानंही नाही आणि आईबापानंही नाही. सगळं गमावलेल्या निर्दोष ईयोबाचे मित्रही असाच शोध घेत बसले आणि शेवटी देवाचा राग त्यांच्यावरच निघाला. शेळ्या मेल्या म्हणून तुम्हाला कुणी पापी म्हणत असेल, तर त्याला हे दोन शास्त्रभाग वाचायला सांगा. फार वाद घालू नका.

पण भाऊ, "पाप नव्हतं" आणि "चूक नव्हती" या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि आपण मंडळीतली माणसं त्या एकत्र करतो. धंदा चालला की साक्ष द्यायला पुढे उभे राहतो, बुडाला की "प्रभूची इच्छा" म्हणून मोकळे होतो. मधलं कुणी तपासत नाही. याकोबाच्या पत्रात चौथ्या अध्यायात जे व्यापारी आहेत, अमक्या गावी जाऊ, वर्षभर राहू, धंदा करून कमावू म्हणणारे, त्यांना सांगितलंय की "प्रभूची इच्छा असेल तर" असं म्हणा. म्हणजे आधी, आखणी करताना. मी ते वाक्य वापरलं सगळं हातचं गेल्यावर, सावकाराला तोंड चुकवावं तसं. लोभ माझा होता आणि त्याखाली सही मी देवाची घेतली होती.

आखणीबद्दल लोक लूक 14 मधला बुरूज सांगतात, आधी बसून खर्चाचा हिशेब करा वगैरे. बरोबरच आहे. पण शेळ्यावाल्यानं उत्पत्तीचा 31 वा अध्याय वाचावा. तिथला याकोब (पत्रवाला नव्हे) सासऱ्याला, लाबानाला, ऐकवतो की 20 वर्षं तुझी जनावरं राखली, दिवसा उन्हानं आणि रात्री थंडीनं जीव गेला, डोळ्याला झोप नव्हती, आणि वन्य जनावरानं फाडलेलं नुकसान मी स्वतः भरलं. देव सोबत होता असंही तोच म्हणतो, पण झोप उडाल्याचं लपवत नाही. नीतिसूत्रे 27:23 मध्ये तर सरळच आहे, आपल्या कळपाची स्थिती नीट माहीत करून घे.

म्हणून उलट विचारतो. शेळ्या बाहेरून ट्रकनं आणल्या होत्या का? आणल्यावर पंधरावीस दिवस वेगळ्या बांधल्या, की सरळ गोठ्यात सोडल्या? पीपीआरची, म्हणजे शेळ्यांच्या साथीच्या रोगाची, लस झाली होती? आंत्रविषाराची, म्हणजे आतड्यात विष होऊन शेळी मरते त्या रोगाची, पावसाळ्याआधी दिली होती? पहिल्या पावसाच्या कोवळ्या चाऱ्यावर तुटून पडलेली शेळी रात्रीत मरते, ते आमच्या गावात दोघांकडे पाहिलंय. गोठा खालून ओला होता का? आपल्याकडची बेरारी जातीची शेळी इथल्या उन्हापावसाला सरावलेली असताना, दिसायला उंच म्हणून बाहेरची जात घेतली का? यातलं काही चुकलं असेल तर ते पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन सुधारायचं आहे, पश्चात्तापाच्या प्रार्थनेनं नाही. आणि सगळं नीट करूनही मेल्या असतील, तर हबक्कूकाचा शेवटचा अध्याय आहे, गोठ्यात गुरं नसली तरी मी परमेश्वरात आनंद करीन असं म्हणणारा. मला तो लगेच म्हणता आला नाही. रिकाम्या गोदामात वाचला तेव्हा आधी रागच आला.

पुढची 20 घेताना कागदावर 20 धरू नका. दोन-तीन मरणार, काहींना एकच पिल्लू होणार आणि पाच महिन्यांचं गाभणपण म्हणजे तोवर हप्ता दुसरीकडून भरायचा, असं मांडून जमत असेल तरच घ्या. मिसरात दुष्काळ येणार हे कळल्यावर योसेफानंसुद्धा सुगीच्या सात वर्षांत पाचवा हिस्सा बाजूला काढायला लावला होता. फारो राजाला स्वप्न देवानं दाखवलं, कोठारं मात्र माणसांना बांधावी लागली.

बुडाल्यावर मी काय केलं ते सांगतो. महिनाभर काहीच नाही. फोन उचलत नव्हतो, उपासनेलाही नाही. एके दिवशी आमचे पाळक मिलवर आले, पोत्यावर बसले. मला वाटलं आता वचन काढतील. ते म्हणाले, "वही काढ." तासभर आम्ही दोघांनी कुणाचं किती देणं आहे ते लिहिलं, मग तीन मिनिटं प्रार्थना केली. दुसऱ्या दिवशी मी हप्त्याच्या तारखेआधी बँकेत गेलो. तुम्हीही आधी जा, बुलावा येण्याची वाट बघू नका. विमा असेल तर कानातले बिल्ले आणि डॉक्टरचा दाखला सोबत ठेवा.

मग साळ्याकडे गेलो. उसनं घेऊन न फेडणाऱ्याला 37 व्या स्तोत्रात दुष्ट म्हटलंय, त्यामुळे "देव बघेल" हे त्याला सांगायची सोय नव्हती. महिना चार हजार ठरले. तीन वर्षं लागली आणि वर दीड महिना. त्या काळात मी दशमांश पूर्ण दिला नाही, आधी साळ्याचं फेडलं. काही विश्वासणाऱ्यांना हे पटणार नाही. मला मात्र दुसऱ्याच्या पैशातून देवाला देणं जमलं नसतं.

आता मी माल भरत नाही. लोक आपली तूर आणतात, मी मजुरीवर डाळ करून देतो. 2023 मध्ये तूर पुन्हा 10,000 च्या वर गेली तेव्हा हात शिवशिवले. घरच्या पैशाची सहा पोती घेतली, तीही बायकोला भाव विचारून.

तुमच्या नऊ उरल्यात. त्यात गाभण किती आणि कोणती लस कधी झाली, तेवढं खाली लिहा. शेळ्यांचा जुना जाणकार आमच्या मंडळीत आहे, त्याला विचारून सांगतो.