वाचकांचे प्रश्न : हॅकिंगचं जुनं पुस्तक, नवा लॅपटॉप

प्रश्न : जॉन एरिक्सन यांच्या 'हॅकिंग : द आर्ट ऑफ एक्स्प्लॉइटेशन'ची दुसरी आवृत्ती अप्पा बळवंत चौकात स्वस्तात मिळाली, पण सोबतची सीडी नाही. लॅपटॉपवरच्या उबंटू लिनक्समध्ये उदाहरणं जशीच्या तशी टाइप केली, तरी बफर ओव्हरफ्लोचं (राखलेल्या जागेपेक्षा जास्त डेटा मेमरीत लिहिण्याचं) एकही चालत नाही. 'स्टॅक स्मॅशिंग डिटेक्टेड' असं येतं आणि प्रोग्राम बंद पडतो. पुस्तक जुनं झालं का?
– इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, पुणे

उत्तर : पुस्तक जपून ठेवा. मेमरीत नेमकं काय घडतं हे इतकं हाताला धरून शिकवणारी पुस्तकं फार थोडी आहेत. ही आवृत्ती २००८ची, तिच्यातला कोड ३२-बिट लिनक्सचा, आणि हरवलेल्या सीडीत त्या कोडला मानवणारं लिनक्स तयार दिलेलं होतं. तुमचं उबंटू मात्र हे हल्ले अडवूनच येतं. तुम्हाला दिसला तो संदेश जीसीसी कंपायलरच्या पहाऱ्याचा आहे : स्टॅकवर, म्हणजे फंक्शनच्या तात्पुरत्या मेमरीत, परतीच्या पत्त्याआधी (फंक्शन संपल्यावर प्रोग्राम जिथे परततो त्या पत्त्याआधी) एक गुप्त आकडा ठेवलेला असतो, तो बदललेला दिसला की प्रोग्राम तिथेच थांबवला जातो.

सरावासाठी वेगळी व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत चालणारा आभासी संगणक) घ्या आणि हे पहारे तिथेच उतरवा. कंपाइल करताना जीसीसीला 'एफ-नो-स्टॅक-प्रोटेक्टर' (गुप्त आकड्याचा पहारा बंद), 'झेड एक्झेकस्टॅक' (स्टॅकवरचा कोड चालू देणं), 'नो-पाय' (प्रोग्रामचा पत्ता स्थिर) आणि 'एम३२' (३२-बिट कोड) हे पर्याय द्या. शेवटच्यासाठी 'जीसीसी-मल्टिलिब' हे पॅकेज आधी बसवावं लागतं, नाहीतर हेडर फाइल सापडत नसल्याची तक्रार येते. ३२-बिटचा आग्रह का, तर ६४-बिटमध्ये फंक्शनला द्यायच्या किमती बहुतांशी रजिस्टरांतून (प्रोसेसरमधल्या छोट्या जागांतून) जातात आणि पत्त्याचे वरचे बाइट शून्य असतात. 'स्ट्रकॉपी' हे मजकूर कॉपी करणारं फंक्शन शून्य दिसताच थांबतं, त्यामुळे पुस्तकातली एकापाठोपाठ पत्ते लिहिण्याची युक्ती तिथे अडते.

त्यानंतर कर्नलचं (लिनक्सच्या गाभ्याचं) 'रँडमाइझ-व्हीए-स्पेस' हे मेमरीतले पत्ते दर वेळी बदलणारं सेटिंग २ वरून ० करा. मशीन पुन्हा सुरू केली की ते परत २ होतं. काल चाललेलं आज चालत नसेल तर आधी हेच तपासा.

यानंतरही दोन ठिकाणी पाय अडकतो. ओव्हरफ्लो थेट 'मेन'मध्ये असेल, तर आजचा जीसीसी ३२-बिट कोडमध्ये स्टॅक १६ बाइटांवर जुळवण्यासाठी मध्ये जास्तीच्या सूचना घालतो, आणि परतीचा पत्ता बदलला तरी उडी हवी तिथे पडत नाही. 'एम-प्रिफर्ड-स्टॅक-बाउंडरी'ची किंमत २ द्या. दुसरं, जीडीबीत (प्रोग्राम पायरीपायरीने तपासायच्या डीबगरमध्ये) चालणारा हल्ला बाहेर फसतो. जीडीबी 'लाइन्स' आणि 'कॉलम्स' हे दोन एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल (प्रोग्रामला सुरू होताना सोबत मिळणाऱ्या किमती) स्वतः घालतो, त्यामुळे स्टॅकवरचे पत्ते थोडे सरकतात. जीडीबीत ते दोन्ही 'अनसेट' करा आणि प्रोग्राम दोन्हीकडे पूर्ण पाथ देऊनच चालवा. पाथची लांबीसुद्धा पत्ते हलवते. नॉप-स्लेड (काहीच न करणाऱ्या सूचनांची रांग) लांब ठेवलात तर एवढा फरक पोटात घेतला जातो.

सगळं जमलं की पहारे एकेक करून परत चालू करा आणि कुठला पहारा हल्ल्याची कुठली पायरी अडवतो ते पाहा. संरक्षणावरचं सहावं प्रकरण असंच वाचायचं असतं.

प्रश्न : 'वेब ॲप्लिकेशन हॅकर्स हँडबुक' २०११चं आहे. आता विकत घ्यावं का?
– वाचक, ठाणे

उत्तर : नव्या किमतीला नको. फ्लॅश आणि सिल्व्हरलाइट या बंद पडलेल्या ब्राउझर प्लगइनांवरची पानं आता निरुपयोगी आहेत. सेशन (लॉगिन कसं टिकतं), ॲक्सेस कंट्रोल (कोणाला काय पाहता येतं) आणि शेवटची तपासणीची पद्धत एवढी प्रकरणं ग्रंथालयातून आणून वाचा. २०११ची ही दुसरी आवृत्ती; तिसरी निघाली नाही. लेखकांपैकी डॅफिड स्टटर्ड यांच्या पोर्टस्विगर कंपनीची वेब सिक्युरिटी अकॅडमी त्या जागी आहे; तिथले धडे आणि प्रयोगशाळा मोफत आहेत, आणि बर्प सूट या वेब तपासणीच्या साधनाची कम्युनिटी आवृत्ती सुरुवातीला पुरते.

प्रश्न : पुस्तकातलं एसक्यूएल इंजेक्शन (रकान्यात लिहून डेटाबेसला आपले आदेश पोचवणं) कॉलेजच्या पोर्टलवर करून पाहिलं तर? काही बिघडवणार नाही.
– विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : करू नका. परवानगीशिवाय आत शिरणं हेच माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००च्या कलम ४३ मध्ये बसतं. ते अप्रामाणिक हेतूने केल्याचं ठरलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हेतू चांगला होता हे नंतर पटवून देत बसण्याची वेळ स्वतःवर आणू नका. ओवास्प या वेब-सुरक्षा संस्थेचं ज्यूस शॉप, म्हणजे सरावासाठी मुद्दाम कच्चं ठेवलेलं संकेतस्थळ, डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या कप्प्यात चालवणाऱ्या साधनात) चढवा, पोर्ट ३००० फक्त १२७.०.०.१ ला (तुमच्या स्वतःच्या संगणकाला) बांधा, आणि पहिला प्रयोग तिथल्या लॉगिनच्या ईमेल रकान्यात एकच अवतरणचिन्ह टाकून करा. उलटून आलेल्या त्रुटीत मागची एसक्यूएल क्वेरी वाचता येते.