त्या छोट्या ‘सि’चं काय करायचं?

वाचकांचे प्रश्न : इटालियन भाषा

प्रश्न : ताई, मी तोरिनोत इंजिनिअरिंगचं पदव्युत्तर शिक्षण घेतोय. कॉलेजचे वर्ग इंग्रजीत चालतात, पण घरमालकीण, दुकान, पोस्ट सगळीकडे इटालियनच लागतं. संध्याकाळच्या भाषावर्गात आत्मवाचक क्रियापदं चालू आहेत. पुस्तकात ‘आल्त्सार्सि’चे सगळ्या काळांचे आणि अर्थांचे तक्ते पानंच्या पानं दिलेत. पाठ करतो आणि विसरतो. शिवाय ‘लावार्सि’ म्हणजे स्वतःला धुणं हे पटतं, पण उठणं म्हणजे ‘स्वतःला उठवणं’? असं कोण बोलतं?
– एक विद्यार्थी, तोरिनो

उत्तर : आधी तुमचा दुसरा प्रश्न घेते, कारण तो सुटला की पहिल्याची भीती जाईल. ‘स्वतःला’ हा शब्द डोक्यातून काढून टाका. त्याऐवजी मराठीतल्या जोड्या आठवा : उठणे–उठवणे, थांबणे–थांबवणे, झोपणे–झोपवणे. आपल्याकडे ‘उठणे’ हे मूळ आणि त्याला ‘व’ लावून प्रयोजक ‘उठवणे’ तयार होतं. इटालियनमध्ये वाट उलटी आहे. तिथे ‘आल्त्सारे’ म्हणजे उचलणे, उठवणे हे मूळ, आणि त्याला ‘सि’ लावला की ‘आल्त्सार्सि’, म्हणजे उठणे. ‘फेर्मारे’ थांबवणे, ‘फेर्मार्सि’ थांबणे. ‘आद्दोर्मेन्तारे’ झोपवणे, ‘आद्दोर्मेन्तार्सि’ झोप लागणे. ‘स्वेल्यारे’ जागं करणे, ‘स्वेल्यार्सि’ जागं होणे. पुस्तकातल्या यादीतली बरीच क्रियापदं अशी जोडीनं लिहून काढा. ‘सि’ म्हणजे क्रिया दुसऱ्यावर न जाता कर्त्यापाशीच थांबल्याची खूण, एवढं समजलं की पुरे.

काहींना मात्र आज जोडीदार नाही : ‘पेन्तिर्सि’ पश्चात्ताप होणे, ‘वेर्गोन्यार्सि’ लाज वाटणे, ‘आक्कोर्जेर्सि’ लक्षात येणे. इथे आपली फसगत होते, कारण मराठीत ‘मला लाज वाटते’ असं वाक्य येतं आणि ‘मि वेर्गोन्यो’मधला ‘मि’ म्हणजे तो ‘मला’ असं वाटतं. तसं नाही. लाजणारा ‘यो’, म्हणजे मी, हाच कर्ता आहे आणि क्रियापद त्याच्याच मागे जातं.

आता तक्ते. इन्दिकातीवोचे (साधं विधान) ८ काळ, कोन्जुन्तीवोचे (इच्छा, शंका) ४, कोन्दित्सिओनालेचे (संकेतार्थ) २, असे १४ रकाने तुमच्या पुस्तकात असणार. त्यातले ७ साधे आहेत आणि ७ जोडकाळ. साध्या सातांत नवीन काहीच शिकायचं नाही. ‘आल्त्सारे’ जसं चालतं तसंच चालतं, फक्त समोर मि, ति, सि, चि, वि, सि यांपैकी कर्त्याला शोभेल तो उभा राहतो : मि आल्त्सो, ति आल्त्सि, सि आल्त्सा, चि आल्त्स्यामो, वि आल्त्साते, सि आल्त्सानो. पुढे मि आल्त्सावो, मि आल्त्साइ, मि आल्त्सेरो, के मि आल्त्सि, मि आल्त्सास्सि, मि आल्त्सेरेइ.

उरलेले सात जोडकाळ या सातांच्या सावलीसारखे आहेत. ‘एस्सेरे’ (असणे) त्या त्या साध्या काळात चालवा आणि पुढे ‘आल्त्सातो’ ठेवा. वर्तमान ‘सोनो’पासून मि सोनो आल्त्सातो, ‘एरो’पासून मि एरो आल्त्सातो, ‘फुइ’पासून मि फुइ आल्त्सातो, ‘सारो’पासून मि सारो आल्त्सातो, ‘सिया’पासून के मि सिया आल्त्सातो, ‘फोस्सि’पासून मि फोस्सि आल्त्सातो, ‘सारेइ’पासून मि सारेइ आल्त्सातो. म्हणजे पाठांतर करायचं ते एकट्या ‘एस्सेरे’चं. ते एकदा झालं की कोणतंही आत्मवाचक क्रियापद आणा, अर्धा तक्ता तयारच असतो.

वेळ कुठे घालवायचा तेही सांगते. तुम्ही उत्तरेत आहात. तिथे बोलताना लोक लहानपणीची आठवणसुद्धा पास्सातो प्रोस्सिमोत (नजीकचा भूतकाळ) सांगतात : मि सोनो आल्त्सातो. ‘मि आल्त्साइ’ हा पास्सातो रेमोतो (दूरचा भूतकाळ) तुम्हाला कादंबऱ्यांत आणि इतिहासाच्या पुस्तकांत भेटेल; तोस्कानात किंवा दक्षिणेत गेलात तर बोलण्यातही ऐकू येईल. तो ओळखता यावा, तोंडी बसवण्याची घाई नको. ‘मि फुइ आल्त्सातो’ तर लिखाणातच सापडतो, तोही ‘दोपो के’ (त्यानंतर) किंवा ‘आप्पेना’ (होताच) यांनंतरच्या वाक्यात. जोर द्या कोन्जुन्तीवोवर. तो रोजच्या बोलण्यात लागतो, आणि का ते तिसऱ्या पत्राच्या उत्तरात येईलच.

प्रश्न : मी ब्रेशात राहते. नागरिकत्वासाठी बी-१ पातळीची परीक्षा द्यायची आहे. ‘मी हात धुतले’ यासाठी मी ‘मि सोनो लावाते ले मानि’ असं लिहिलं. बाईंनी ‘लावाते’ खोडून ‘लावाता’ केलं. पुढच्याच ओळीत ‘मे ले सोनो लावाते’ होतं, ते मात्र बरोबर ठरवलं. हात तेच, धुणारी मीच, मग दोन नियम कसे?
– एक वाचक, ब्रेशा

उत्तर : तुमचं पत्र वाचून मला फार आनंद झाला, कारण तुम्ही नकळत मराठीचा कर्मणी प्रयोग इटालियनमध्ये नेलात. आपण म्हणतो ‘तिने हात धुतले’. क्रियापद हातांच्या मागे जातं, धुणारीच्या नाही. पण ‘ती उठली’ म्हटलं की क्रियापद तिच्या मागे जातं. तो कर्तरी प्रयोग. शाळेत कंटाळा येईपर्यंत ओळखायला लावलेले हे प्रयोग इथे अक्षरशः कामाला येतात.

‘आवेरे’ (जवळ असणे) आणि ‘एस्सेरे’ या दोन सहायकांतली वाटणी साधारण याच रेषेवर आहे. ‘मी बाळाला उठवलं’ हे ‘ओ स्वेल्यातो इल बाम्बीनो’. सहायक ‘आवेरे’, आणि शेवटचा ‘ओ’ कर्ता बाई असो की पुरुष, बदलत नाही. मुलगी असली तरी ‘ओ स्वेल्यातो ला बाम्बीना’च. आपला भावे प्रयोगही असाच : मुलाला उठवलं, मुलीला उठवलं. उलट ‘मी जागी झाले’ हे ‘मि सोनो स्वेल्याता’. सहायक ‘एस्सेरे’, आणि शेवट कर्त्याप्रमाणे : बाई ‘आ’, पुरुष ‘ओ’, अनेक बाया ‘ए’, पुरुष किंवा दोघं मिळून ‘इ’.

तुमचं वाक्य या दोन्हींच्या मधे बसतं. ‘मि’ आहे म्हणून सहायक ‘एस्सेरे’ घ्यावंच लागतं, आणि ‘ले मानि’ हे कर्मही आहे. इटालियन इथे सहसा कर्त्याच्या बाजूनं जाते : मि सोनो लावाता ले मानि. ‘लावाते’ सर्वस्वी चूक आहे असं मी म्हणणार नाही, कर्माप्रमाणे रूप करणारेही इटालियन आहेत. पण परीक्षेत बाईंचंच ऐका. कर्त्याप्रमाणे केलेलं रूप जास्त रूढ आहे आणि त्यावर कुणी बोट ठेवणार नाही.

‘मे ले सोनो लावाते’मध्ये मात्र कर्म सर्वनाम होऊन क्रियापदाच्या आधी आलं आहे. ते ‘ले’ आधी ऐकू आलं की रूप त्याच्याच मागे जातं, आणि तिथे पर्याय नाही. ‘आवेरे’सोबतही हेच होतं : ‘ओ स्वेल्यातो ला बाम्बीना’, पण तिच्याऐवजी ‘ला’ आलं की ‘लो स्वेल्याता’ (‘ला’ आणि ‘ओ’ जुळून इथे ‘लो’ ऐकू येतं). म्हणून लिहिताना स्वतःला दोनच प्रश्न विचारा. कर्म सर्वनाम होऊन पुढे आलंय का? आलं असेल तर त्याच्याप्रमाणे. नसेल आणि ‘एस्सेरे’ असेल, तर माझ्याप्रमाणे. आणि ‘ले’च्या शेजारी ‘मि’चा ‘मे’ होतो, तसाच ‘ति’चा ‘ते’, ‘चि’चा ‘चे’, ‘वि’चा ‘वे’. ‘सि’चा ‘से’.

तुमच्या परीक्षेच्या लेखी भागात हमखास डोकावणारी एक गोष्ट याला जोडूनच सांगते. ‘मला लवकर उठावं लागलं’ हे दोन तऱ्हांनी होतं. सर्वनाम पुढे घेतलं तर ‘मि सोनो दोवूता आल्त्सारे प्रेस्तो’, धातूला चिकटवलं तर ‘ओ दोवूतो आल्त्सार्मि प्रेस्तो’. पुढे ‘मि’ असेल तर ‘सोनो’, मागे असेल तर ‘ओ’. दोन्हींची भेसळ करून ‘मि ओ दोवूतो’ लिहू नका.

प्रश्न : जेनोव्हात एका वृद्ध गृहस्थांची देखभाल करते. मी त्यांना ‘स्येदिति’ म्हटलं तर त्यांच्या मुलीनं हळूच ‘सि स्येदा’ म्हणायला सांगितलं. मला तर वाटायचं की ‘सि’ म्हणजे तो किंवा ती. समोरच्या माणसाला ‘तो बसो’ असं कसं म्हणायचं?
– एक बादान्ते, जेनोव्हा

उत्तर : तुम्हाला वाटलं ते खरंच आहे. इटालियनमध्ये आदरानं बोलताना ‘लेइ’ वापरतात आणि त्याचं क्रियापद तृतीयपुरुषी एकवचनी असतं. आज्ञार्थात त्या जागी कोन्जुन्तीवोचं रूप येतं. तुम्ही केलेलं भाषांतर, ‘बसो’, व्याकरणाच्या अगदी जवळ आहे. त्यांच्या कानाला मात्र ते आपल्या ‘बसा’सारखं लागतं, आणि ‘स्येदिति’ म्हणजे ‘बस’. आयुष्यभर मान मिळवलेल्या माणसाला अंथरुणावर पडल्यावर सगळे ‘अरे-तुरे’ करू लागतात, हे त्यांच्या मुलीला टोचलं असणार. मला तिचं म्हणणं पूर्ण पटतं.

तुमच्या कामात लागणारी रूपं : सि आल्त्सि, उठा. सि जिरि, कुशीवर वळा. सि कोप्रा, पांघरूण घ्या. सि आप्पोज्जि, टेका. नोन सि प्रेओक्कूपि, काळजी करू नका. या सगळ्यांत ‘सि’ आधी येतो आणि वेगळा उभा राहतो, ‘नोन’ आला तरी तिथेच. ‘तू’ला मात्र सर्वनाम मागून चिकटतं : आल्त्साति, स्येदिति. नकार द्यायचा तर मूळ धातू घ्यायचा : नोन आल्त्सार्ति, किंवा नोन ति आल्त्सारे. अनेकांना ‘आल्त्सातेवि’.

उच्चाराकडे लक्ष द्या. सर्वनाम चिकटलं तरी आघात जागचा हलत नाही. ‘ऊठ’ म्हणताना जोर ‘आल्’वर : आल्-त्साति. हाच शब्द ‘त्सा’वर जोर देऊन म्हटला की तो ‘उठलेले’ होतो, ‘चि स्यामो आल्त्साति’मधला. घरातली मुलं मोठ्यानं हाका मारतात तेव्हा ऐका, फरक लगेच कानात बसेल. आणि त्या आजोबांनी स्वतःहून ‘दाम्मि देल तु’, मला ‘तू’च म्हण, असं सांगितलं तर आनंदानं ‘स्येदिति’वर या. तोवर ‘सि स्येदा’.

प्रश्न : ‘चि सि आल्त्सा प्रेस्तो’ असं वाचलं. ‘चि’ही आणि ‘सि’ही? कर्ता कोण?
– एक वाचक, पादोव्हा

उत्तर : कुणीच नाही आणि सगळेच. ‘इथे लवकर उठतात’ या मराठी वाक्यात जसा कर्ता सांगितलेला नाही, तसंच हे. एक ‘सि’ अशा निनावी कर्त्याचा आणि दुसरा ‘आल्त्सार्सि’चा. दोन ‘सि’ शेजारी शेजारी इटालियनला चालत नाहीत, म्हणून पहिल्याचा ‘चि’ होतो. भूतकाळात ‘चि सि ए आल्त्साति’ : सहायक ‘ए’ एकवचनी, पण ‘आल्त्साति’ अनेकवचनी.