प्रवास-प्रश्न : बर्निना एक्सप्रेस भरलेली असेल तर?

प्रश्न : आम्ही चौघे स्वित्झर्लंडमध्ये आहोत, स्विस ट्रॅव्हल पासही आहे. परवाची बर्निना एक्सप्रेस (कूर शहरातून आल्प्स ओलांडून इटलीतल्या तिरानोला जाणारी पर्यटकांची गाडी) पूर्ण भरलेली दिसते. बेत सोडून द्यावा का?

उत्तर : मुळीच नाही. भरलेले असतात ते मोठ्या काचांचे पॅनोरमा डबे; त्यांना आरक्षण सक्तीचे असते आणि पास असला तरी आरक्षणाचे पैसे वेगळे पडतात. पण त्याच रुळांवरून रेटिशे बान या तिथल्या रेल्वे कंपनीच्या साध्या गाड्या साधारण दर तासाला धावतात. त्यांना आरक्षण लागत नाही आणि तुमचा पास तिरानोपर्यंत चालतो. कूरहून सेंट मॉरिट्झची गाडी धरा, सुमारे दोन तास. तिथे तिरानोची गाडी, सुमारे अडीच तास. लांडवासर पूल, 2253 मीटरवरचे ओस्पित्सिओ बर्निना स्थानक, ब्रूसिओचा गोल पूल, काहीच चुकत नाही. शिवाय साध्या डब्यांतल्या काही खिडक्या उघडतात. पॅनोरमा डब्यात फोटोत काचेचे प्रतिबिंब येते. आमच्या मते साधी गाडीच सरस.

दोन्ही टप्प्यांत उजवीकडे बसा. चौघांना एकत्र जागा हवी तर सकाळी लवकरची गाडी घ्या.

पॅनोरमा डबाच हवा असेल तर चौघांऐवजी दोन-दोन जागा शोधा. सुटी जागा लवकर सापडते. तिरानो इटलीत आहे, तेव्हा पासपोर्ट जवळ ठेवा. परतीची शेवटची गाडी एसबीबीच्या (स्विस रेल्वेच्या) ॲपवर आधीच पाहून घ्या.