प्रकरण अर्धं, बाही आखूड

‘मावशी, मी पीएचडीच्या चौथ्या वर्षात आहे. विषय जीवशास्त्र. दिवसभर लॅबमध्ये पिपेट, संध्याकाळी संगणक, रात्री विणकाम. आतापर्यंत दोन स्वेटर आणि नऊ जोड पायमोजे झाले; प्रबंधाचं प्रकरण एकच, तेही अर्धं. गेल्या महिन्यात विभागाच्या सेमिनारमध्ये मी मोजा विणत बसले होते. गाइड मॅडमनी पाहिलं. बाहेर आल्यावर हसत हसतच म्हणाल्या, “इतका जीव प्रबंधात ओतलास तर केव्हाच सुटशील.” तेव्हापासून सुया हातात घेतल्या की चोरी करतेय असं वाटतं. आणि न घ्याव्यात तर झोप येत नाही. “एवढी एक ओळ” म्हणता म्हणता रात्रीचे दोन वाजतात. प्रबंध सादर होईपर्यंत सगळी लोकर बांधून ठेवून देऊ का?

ता. क. तिसऱ्या स्वेटरची दुसरी बाही चार वेळा उसवली. ओळी मोजल्या तर पहिलीइतक्याच भरतात, तरी ३ सेंटीमीटर आखूड. रात्री उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर होतात, पण ते थंडीमुळे असेल.

— अर्धी बाही’

प्रिय अर्धी बाही,

माणसं खरं दुखणं ता. क.मध्ये लिहितात असा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे. म्हणून मी तुझं पत्र खालून वर वाचत येते.

आधी बोटं. ती थंडीवर ढकलू नकोस. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट, तेही रात्री: मनगटातून जाणारी मीडियन नावाची नस दाबली गेली की नेमका हाच पट्टा बधिर होतो. डॉक्टर त्याला कार्पल टनेल म्हणतात. तुला तेच झालंय असं मी पत्रावरून सांगणार नाही, पण याच आठवड्यात हात दाखवून ये. तुझ्या अंगठ्याचा दिवस बघ ना जरा. सकाळपासून पिपेटचं बटण दाबतो, संध्याकाळी कीबोर्डवर राबतो, रात्री सुई पेलतो. तीन पाळ्या, आणि सुट्टी एकही नाही. अशा दुखण्याकडे वेळीच लक्ष दिलं तर पुष्कळदा रात्री मनगट सरळ धरणाऱ्या पट्ट्यावर भागतं. अंगावर काढलं तर अंगठ्याच्या बुडाचे स्नायू अशक्त होत जातात, मग सुई राहू दे, पिपेटही धरवत नाही. तेव्हा डॉक्टर हो म्हणेपर्यंत सुया खाली. या पत्रात मी तुला फक्त एवढ्याच कारणासाठी विणकाम थांबवायला सांगणार आहे.

आता तुझा खरा प्रश्न. लोकर बांधून ठेवावी का?

मी ठेवली होती. माझ्या प्रबंधाच्या शेवटच्या वर्षी मी सगळे गुंडे एका पिशवीत कोंबले, पिशवीला गाठ मारली आणि ती कपाटाच्या डोक्यावर टाकली. मोठा त्याग केल्यासारखं वाटलं. पुढच्या दोन महिन्यांत मी घरातले सगळे खण आवरले, जुने फोटो तारखेप्रमाणे लावले आणि एका मैत्रिणीच्या प्रबंधाची संदर्भसूची तपासून दिली. माझ्या प्रबंधाची पानं होती तिथेच. वाचलेला वेळ आपण म्हणू तिकडे जातो, हा आपला भ्रम असतो. वर्षभराने पिशवी उघडली तेव्हा लोकरीला कसर लागलेली. दोन गुंडे तर हातात घेतले आणि तुकड्यातुकड्यांनी सुटून आले.

विणकामाने मन शांत होतं याला पुरावेही सापडतील तुला. २०१३ साली ब्रिटिश जर्नल ऑफ ऑक्युपेशनल थेरपीमध्ये ३५४५ विणणाऱ्यांची पाहणी छापून आली होती. जे जास्त वेळा विणत होते त्यांनी जास्त शांत आणि आनंदी वाटतं असं सांगितलं. पण तू संशोधन करतेस, तुला पहिली शंका येईलच: प्रश्न विचारले ते विणणाऱ्यांनाच. कंटाळून सुया फेकून दिलेल्यांना कोण विचारणार? म्हणून हा कागद मॅडमच्या तोंडावर फडकवायला जाऊ नकोस. झोपेआधी तुला विणल्यावर बरं वाटतं, तेवढा पुरावा तुझ्यापुरता पुरे.

मला खटकलं ते दुसरंच. बाही तू चार वेळा उसवलीस आणि ते एका ओळीत सांगून मोकळी झालीस. कुरकुर नाही, रडणं नाही. आणि प्रकरण? त्याबद्दल ‘अर्धं’ एवढा एकच शब्द. ते कुणाला दाखवलंस का, कुणी खोडलं का, पुन्हा लिहिलंस का, काही नाही. माझा अंदाज सांगते, चुकला तर कळव: ते अर्धं प्रकरण मॅडमनी अजून पाहिलेलंच नाही. ते पूर्ण होईल, छान होईल, मग दाखवीन असं तुझं चाललंय. आता मला सांग, स्वेटरला हात घालण्याआधी तू काय करतेस? मापाचा तुकडा विणतेस. चौकोनी, कडेने वळलेला, कुणाला भेट देता येणार नाही असा. त्यावर फूटपट्टी ठेवतेस, १० सेंटीमीटरमध्ये बावीस टाके भरले तर पुढे जातेस, वीस भरले तर सुई बदलतेस. तो तुकडा कुरूप आहे म्हणून लाजत नाहीस. मग मॅडमना दोन पानांचा तुकडा पाठवायला काय हरकत आहे? अर्धी वाक्यं, ‘इथे आलेख येईल’ अशा कंसातल्या नोंदी, सगळ्यासकट. वर एवढंच लिही: ‘माप बरोबर येतंय का बघाल?’ येत्या शुक्रवारी.

(प्रबंध म्हणजे विणकामच, एकेक टाका घालत जा, असलं काही मी म्हणणार नाही. लोकर उसवली तर अख्खा गुंडा परत हातात येतो. उसवलेला प्रयोग सहा महिने गिळून बसतो आणि परत काही देत नाही. म्हणून तर माणूस सुयांकडे पळतो.)

पळणं आणि विणणं यांतला फरक बाहेरून दिसत नाही, दोन्ही वेळा हात तेच करतात. त्यासाठी एक सोपी गोष्ट कर. हात बरा झाला की एक आठवडा, सुया उचलण्याच्या आधीच्या मिनिटाला तू काय करत होतीस ते लोकरीच्या पिशवीतल्या चिठ्ठीवर लिही. चारच शब्द. ‘पीसीआर लावलं, थांबायचंच होतं.’ ‘जेवण झालं.’ ‘फाइल उघडली, बंद केली.’ पहिल्या दोन प्रकारच्या नोंदींबद्दल अपराधी वाटायचं काही कारण नाही. पीसीआर म्हणजे यंत्रात डीएनएच्या प्रती काढणं, ते दीड-दोन तास घेणारच, तू त्याच्याकडे टक लावून बसलीस म्हणून ते लवकर आटपत नाही. गळती आहे ती तिसऱ्या प्रकारात. त्या वेळी विणायचंच नाही असंही नाही. फाइल पुन्हा उघडायची, नेमकं कुठे अडलं ते एका वाक्यात लिहायचं, मग खुशाल सुया. ते वाक्य सकाळी समोर असलं की बस.

पीसीआरवरून आठवलं. थांबायच्या त्या वेळात तू लॅबच्या बाकावर बसून विणत नाहीस ना? विणत असशील तर ते आजपासून बंद. सुटा धागा फिरत्या यंत्राजवळ नको, लोकरीचे तंतू नमुन्यांत नकोत, आणि बाकावर सांडलेलं जे काही असेल ते मोज्यातून घरी तर मुळीच नको. हातमोजे काढ, हात धू, बाहेर जाऊन बस.

आता रात्रीचे दोन. ‘एवढी एक ओळ’ ही विणणाऱ्यांची जुनी खोड आहे; मलाही आहे, त्यामुळे उपदेश करत नाही, युक्ती सांगते. सपाट विणताना ओळ अर्ध्यात सोडली तर टाके सुईवरून निसटतात, पुन्हा उचलताना दिशा चुकते, म्हणून ओळ संपवावीशी वाटते; संपली की सुई आपोआप उलटते आणि दुसरी सुरू होते. तेव्हा रात्री बाही नको, मोजा घे. मोजा गोल फिरतो, त्याला ओळीचा शेवट नसतो, कुठेही थांबलं तरी बिघडत नाही. बसल्या बसल्या, त्या क्षणी सुईखाली असलेल्या टाक्यात एक मार्कर अडकव, नसेल तर सेफ्टी पिन. तिच्यावर दहा फेऱ्या झाल्या की ठेवून द्यायचं. ६४ टाक्यांचा मोजा असेल तर दहा फेऱ्या म्हणजे ६४० टाके; मिनिटाला तीस टाके धरले तरी वीसेक मिनिटं. झोप येण्यासाठी एवढं पुरतं. दोन वाजेपर्यंत जे चालतं ते झोपेसाठी नसतं, उद्याची सकाळ होऊ नये म्हणून असतं.

आणि चौथा स्वेटर प्रबंध सादर झाल्यावर. इथे मी कठोर आहे. हिशेब करून बघ: छाती १०० सेंटीमीटर, १० सेंटीमीटरला २२ टाके, म्हणजे एका फेरीत २२० टाके. उंची ६० सेंटीमीटर, १० सेंटीमीटरला ३० ओळी, म्हणजे १८० फेऱ्या. झाले ३९,६०० टाके, त्याच वेगाने २२ तास, बाह्या वेगळ्याच. मैत्रिणीच्या बाळाला टोपी, कुणाच्या आईला शाल, या मागण्यांनाही हेच गणित ऐकव. ऐकल्यावर बरेच जण गप्प होतात.

मॅडमचं बोलणं मुद्दाम मागे ठेवलं होतं. त्या हसत म्हणाल्या आणि तुला ते लागलं, कारण तुझ्या मनातलंच वाक्य त्यांच्या तोंडून बाहेर आलं. २०२१मध्ये टोकियो ऑलिम्पिकच्या वेळी टॉम डेली हा ब्रिटिश डायव्हिंगपटू प्रेक्षकांत बसून विणताना साऱ्या जगाने पाहिला आणि सगळ्यांना त्याचं कौतुक वाटलं. पण हेही खरं की तोवर एक सुवर्णपदक त्याच्या खिशात पडलेलं होतं. तुझ्या खिशात अजून प्रकरण नाही. त्यामुळे मॅडमच्या जागी मी असते तर मलाही शंका आली असती, खोटं कशाला बोलू?

त्यांना एकदा सरळ भेट. माफी मागू नकोस, बाजूही मांडत बसू नकोस. विचार, ‘सेमिनारमध्ये हात चालू असले तर माझं लक्ष टिकतं, पण तुम्हाला किंवा बोलणाऱ्यांना खटकत असेल तर मी थांबवते.’ लक्षाबद्दलचं हे म्हणणं अगदी हवेतलं नाही. जॅकी अँड्रेड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी चाळीस जणांना एक कंटाळवाणा फोन संदेश ऐकवला. ऐकता ऐकता कागदावरचे आकार रंगवणाऱ्यांना इतरांपेक्षा २९ टक्के जास्त आठवलं. अर्थात आकार रंगवणं म्हणजे मोजा विणणं नव्हे, आणि कंटाळवाणा फोन म्हणजे सेमिनार... बरं, ते जाऊ दे. हो म्हणाल्या तर साधा सुलट टाकाच घे, लाकडी सुया घे म्हणजे टकटक होणार नाही, नजर समोर ठेव, आणि शेवटी एखादा प्रश्न विचार. वेणीची वीण घेऊन बसलीस आणि ओठ हलवत टाके मोजायला लागलीस तर कोणीही चिडेल. नाही म्हणाल्या तर नाही. तिथे हट्ट धरण्यात अर्थ नाही. त्यांची सही तुला शेवटी लागणार आहे.

राहिली बाही.

पाचव्यांदा उसवू नकोस. ओळी बरोबर आहेत, चुकलंय ते टाक्याचं माप. पहिली बाही कधी विणलीस ते आठव. माझी खात्री आहे, मॅडम बोलण्याआधी. मन आवळलेलं असलं की धागाही आवळला जातो आणि आपल्याला पत्ता लागत नाही. ४५ सेंटीमीटरची बाही धरली तर साधारण १३५ ओळी होतात. ३ सेंटीमीटर कमी म्हणजे ओळीमागे पाव मिलिमीटरही नाही. हा फरक डोळ्यांना दिसत नाही, बोटांना कळत नाही, बाही घातली की मात्र मनगट उघडं पडतं. चार वेळा उसवून चारही वेळा त्याच घट्ट हाताने विणलीस, मग वेगळं काय होणार होतं?

लोकर खरी असेल तर बाही कोमट पाण्यात वीस मिनिटं भिजव. चोळू नकोस, पिळू नकोस, टॉवेलमध्ये गुंडाळून वरून दाब म्हणजे पाणी निघेल. मग पहिली बाही शेजारी ठेवून तिच्या मापाला हलक्या हाताने लांब ओढ, कडेने पिना टोच आणि पूर्ण वाळेपर्यंत हात लावू नकोस. खऱ्या लोकरीला एवढे ३ सेंटीमीटर जड नाहीत. अ‍ॅक्रिलिक असेल तर भिजवून उपयोग नाही. हात बरा झाल्यावर फक्त मनगटाची पट्टी उसव, नऊ ओळी वाढव, पट्टी पुन्हा विण. वरच्या बाहीला हात लावायची गरज नाही.

भिजवायला अंगठा लागत नाही, तेव्हा तेवढं करायला माझी परवानगी आहे. पण शनिवारी. शुक्रवारी ती दोन पानं जायची आहेत.

तुझी,
मावशी