समोरच्याने भाव पाडला म्हणून आपणही पाडायचा का? ॲमेझॉनवरच्या भावयुद्धाचा हिशोब

प्रश्न थोडक्यात असा: स्टीलचा तीन कप्प्यांचा डबा तुम्ही ॲमेझॉनवर ४९९ ला विकत होता. त्याच लिस्टिंगवर (मालाच्या पानावर) दुसरा विक्रेता ४७९ ने आला, तुम्ही ४७८ केलं, तो ४७७ वर गेला. आता दिवसातून किती वेळा भाव बघायचा आणि कुठवर खाली जायचं?

उत्तर उलट्या क्रमाने देतो. आपला तळ (ज्याच्या खाली विकणं परवडत नाही तो भाव) ठाऊक नसेल तर समोरच्याचा भाव तासातासाला बघून नुसता रक्तदाब वाढतो.

पुढचे आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या ॲमेझॉनच्या फीच्या रेट कार्डाप्रमाणे बदला. ४९९ मध्ये ५ टक्के जीएसटी आत आहे (स्टीलच्या भांड्यांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ चे ५ झाले). म्हणजे तुमचे ४७५.२४. त्यातून जीएसटी वगळून खरेदी २६०, पॅकिंग १२, रेफरल फी (ॲमेझॉनचं कमिशन) ८ टक्के धरली तर ३९.९२, क्लोजिंग फी (दर विक्रीमागे लागणारी ठरावीक फी) २०, शिपिंग ६०, जाहिरात २५. रेफरल फी जीएसटीसकट किमतीवर लागते, तिथे बरेच जण चुकतात. शंभरात सहा डबे परत येतात आणि प्रत्येक परतीत जाण्यायेण्याचं भाडं नि चेपलेला माल मिळून दीडशे बुडतात असं धरलं, तर दर ऑर्डरमागे आणखी ९. एकूण खर्च ४२५.९२, उरले ४९ रुपये.

आता ४७९ करून बघा. उरतात ३२. किंमत चार टक्क्यांनी उतरली, नफा पस्तीस टक्क्यांनी. आधीइतकाच पैसा हवा तर १०० डब्यांच्या जागी १५५ विकायला हवेत. भाव पाडून विक्री दीडपट होणार नसेल, तर पाडण्यात काही हशील नाही.

यात आणखी एक गळती आहे, ती सीएसुद्धा आपणहून सांगतातच असं नाही. तुमच्या विक्रीवर जीएसटी ५ टक्के, पण ॲमेझॉनची फी, शिपिंग आणि जाहिरात यांवर १८. एका डब्यामागे विक्रीचा कर २३.७६ देणं लागतो, पण खरेदीवर भरलेला १३ आणि फीवरचा २६ मिळून ३९ आधीच भरलेले असतात. जवळपास १५ रुपयांचं क्रेडिट (जास्तीचा भरलेला कर) दर डब्यामागे जीएसटीच्या लेजरमध्ये साचत जातं. इन्व्हर्टेड ड्यूटीच्या (खरेदीवरच्या कराचा दर विक्रीवरच्यापेक्षा जास्त असण्याच्या) रिफंडमध्ये सेवांवरचा कर धरला जात नाही, त्यामुळे ते पैसे परतही मिळत नाहीत. तुम्ही १८ टक्क्यांचा दुसरा मालही विकत असाल तर तिकडे वापरता येतं, नुसती भांडी विकत असाल तर ते कागदावरच राहतं. म्हणजे ४९९ ला हातात ३४ पडतात, ४७९ ला १६, आणि ४६२ च्या आसपास शून्य. कागदी हिशोबात तोटा ४४३ च्या खाली सुरू होतो, हातातला त्याच्या बराच आधी. मी तळ ४६६ धरीन आणि तो लिहून ठेवीन.

फीच्या टप्प्यांकडेही बघा. क्लोजिंग फी किमतीच्या गटांप्रमाणे बदलते, त्यामुळे ५०५ पेक्षा ४९९ ला जास्त पैसे सुटतात असंही होतं. कपड्यांत करही बदलतो: नगाची करापूर्वीची किंमत २५०० पर्यंत असेल तर ५ टक्के, वर गेली की १८. अशा उंबरठ्याजवळ दहा-वीस रुपयांची हालचाल आंधळेपणाने करू नका.

आता लक्ष कुणावर ठेवायचं. त्याच एएसआयएनवर (ॲमेझॉनने त्या मालाला दिलेल्या कोडवर, म्हणजे त्याच पानावर) बसलेला विक्रेता वेगळा आणि शेजारच्या लिस्टिंगवर तसाच डबा विकणारा वेगळा. पहिल्याशी झगडा बाय बॉक्सचा असतो, म्हणजे पानावरच्या खरेदीच्या बटणामागे कुणाची ऑफर लागते त्याचा (आता फीचर्ड ऑफर म्हणतात). बाय बॉक्स गेला की तुमची स्पॉन्सर्ड प्रॉडक्टची (त्या मालाची पैसे देऊन लावलेली) जाहिरातही दिसायची थांबते. दुसऱ्याशी स्पर्धा फोटो, रेटिंग आणि रिव्ह्यूच्या संख्येवर चालते. तिथे वीस रुपयांनी सहसा फार काही हलत नाही.

विक्री पडली की आधी सेलर सेंट्रलच्या (ॲमेझॉनवरच्या विक्रेत्याच्या खात्याच्या) बिझनेस रिपोर्टमध्ये त्या एएसआयएनचा फीचर्ड ऑफरचा टक्का (किती वेळा बाय बॉक्स तुमच्याकडे होता) आणि सेशन्स (पानाला आलेल्या भेटी) शेजारी ठेवून वाचा. सेशन्स तेवढेच आणि टक्का घसरला, तर बाय बॉक्सची भानगड. टक्का जागेवर आणि सेशन्स कमी, तर सर्चमध्ये मागे पडलात किंवा जाहिरातीचं बजेट दुपारीच संपतंय. दोन्ही जागेवर आणि ऑर्डर कमी, तेव्हा शेजारच्या लिस्टिंगचा भाव, कूपन आणि ताजे वाईट रिव्ह्यू बघा. हे न करता भाव पाडणारे निम्म्या वेळा भलत्याच दुखण्यावर औषध घेत असतात.

भाव बघताना पानावरचा आकडा एकटा टिपू नका. डिलिव्हरी चार्ज, कूपन, पोहोचण्याची तारीख आणि माल एफबीएतून (ॲमेझॉनच्या गोदामातून) येतोय की इझी शिपने (विक्रेत्याकडून ॲमेझॉनने उचलून), हे सगळं हवं. पिनकोड बदलला की बाय बॉक्सही बदलू शकतो. पुणे, नागपूर आणि गुवाहाटी असे तीन पिनकोड ठरवून, लॉगिन न करता, सकाळी आणि रात्री ठरल्या वेळी बघा. पाच-सात एएसआयएन असतील तर साधी शीट पुरते. मागचा इतिहास कीपाच्या (ॲमेझॉनवरचे भाव नोंदवणाऱ्या साइटच्या) आलेखात दिसतो, तो amazon.in साठीही चालतो. त्यात बघायचं ते हे: हा विक्रेता दर महिन्याला चार दिवस येऊन माल संपवून जातो, की ठाण मांडून बसलाय? पहिल्या जातीचा असेल तर काहीच करू नका, त्याचा साठा संपू द्या. शेकडो एएसआयएन झाले की एसपी-एपीआयमधून (ॲमेझॉनची माहिती थेट आपल्या सॉफ्टवेअरमध्ये घेण्याच्या सोयीतून) भावबदलाच्या सूचना घेता येतात, त्यांत वरच्या वीस ऑफर्स येतात. पानं खरडून काढणारे स्वस्त स्क्रिप्ट वापरू नका, ते नियमांत बसत नाही.

सेलर सेंट्रलमधलं ऑटोमेट प्रायसिंग (नियम लावून भाव आपोआप बदलण्याची सोय) फुकट आहे आणि बहुतेकांना पुरतं. त्यात ‘एक रुपया कमी’ निवडू नका, ‘बरोबरीत’ निवडा. बाय बॉक्स नेहमी सर्वांत स्वस्तालाच जातो असं नाही, डिलिव्हरीचा वेग आणि विक्रेत्याची कामगिरीही मोजली जाते. दोन्हीकडे ‘एक रुपया कमी’ लावलेलं असेल तर दुपारपर्यंत दोघंही आपापल्या तळावर बसलेले दिसतात. तुमचं एफबीए आणि त्याचं स्वतःचं कुरिअर असेल, तर त्याच्याशी तुलना होणार नाही असा नियम लावा.

किमान आणि कमाल, दोन्ही आकडे भरा. डिसेंबर २०१४ मध्ये ब्रिटनमध्ये एका रीप्रायसिंग (भाव आपोआप बदलणाऱ्या) सॉफ्टवेअरच्या बिघाडाने अनेक विक्रेत्यांचा माल एका पेनीला विकला गेला. वरची बाजूही तशीच. एप्रिल २०११ मध्ये माशीवरच्या एका शास्त्रीय पुस्तकाची किंमत ॲमेझॉनवर २ कोटी ३६ लाख डॉलरच्या वर गेली होती. एकाचं सॉफ्टवेअर दुसऱ्याच्या ०.९९८३ पट भाव लावत होतं, दुसऱ्याचं पहिल्याच्या १.२७०५८९ पट. आपल्याकडे एमआरपीच्या वर विकणं कायद्यातच बसत नाही, तेव्हा कमाल आकडा त्याच्या आतच ठेवा.

व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘सगळे मिळून ४९० च्या खाली जायचं नाही’ असं ठरवण्याचा मोह होईल. प्रतिस्पर्ध्यांनी संगनमताने भाव ठरवणं हे स्पर्धा कायदा, २००२ च्या कलम ३ मध्ये येतं. अमेरिकेत ॲमेझॉनवरच पोस्टर विकणाऱ्या एकाने असंच ठरवून त्यासाठी अल्गोरिदम लावला होता, त्याच्यावर २०१५ मध्ये फौजदारी खटला झाला. समोरच्याचा जाहीर भाव बघून आपला ठरवा, पण त्याच्याशी बोलून ठरवू नका.

तुमच्या बाबतीत: ४७७ ला बरोबरी करून थांबा, किमान ४६६ टाका, आणि शीटमध्ये त्याचा भाव व डिलिव्हरीची तारीख आठवडाभर टिपा. तो ४६६ च्या खाली गेला तर बाय बॉक्स सोडून द्या आणि तेवढे दिवस जाहिरातीचा पैसा दुसऱ्या एएसआयएनकडे वळवा. त्याचा माल संपला की भाव त्याच दिवशी ४९९ वर न्या. स्पर्धक गेल्यावरही महिनाभर ४७७ वरच राहिलेले विक्रेते ढिगाने दिसतात. शक्य असेल तर त्याच डब्याला कापडी पिशवी जोडून आपल्या ब्रँडचा वेगळा कॉम्बो लिस्ट करा. ब्रँड नोंदलेला असेल तर तिथे दुसऱ्याला सहजी चिकटता येत नाही.